होडीला कोणता पंखा बसवावा?

मालवण-तारकर्लीच्या किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर सहलीला गेला असाल, तर पाहुण्यांना घेऊन पाणी उडवीत धावणाऱ्या लहान मोटारहोड्या तुम्ही पाहिल्या असतीलच. फायबरची हलकी होडी, तिच्या मागच्या फळीला अडकवलेले आउटबोर्ड एंजिन आणि एंजिनच्या तळाशी पाण्यात बुडालेला तीन पात्यांचा पंखा. होडी उभी करताना एंजिन तिरके करून वर उचलतात. पुढच्या वेळी तेव्हा हा पंखा नीट पाहून घ्या. जेवणाच्या ताटाएवढाच असतो तो! एंजिनची चाळीस-साठ अश्वशक्ती पाण्यापर्यंत पोचवण्याचे सगळे काम या ताटाएवढ्या वस्तूकडे असते.

पाठ्यपुस्तकांत त्याला प्रचालक असे भारदस्त नाव आहे. किनाऱ्यावरची मंडळी सरळ पंखा म्हणतात. आपणही तसेच म्हणू.

एकाच एंजिनासाठी दुकानात अनेक पंखे मिळतात. दिसायला सारे सारखे, पण मधल्या तुंब्यावर कोरलेले आकडे निरनिराळे: १२ × ११, १२ × १३, १२ × १५. यांतला कोणताही बसवला तरी होडी चालते. आणि म्हणूनच फसायला होते! चुकीचा पंखा लागलीच काही तक्रार करीत नाही. तो पेट्रोल जास्त पितो आणि हळूहळू एंजिन खराब करतो. एंजिनाची किंमत लाखांत, तर पंख्याची हजारांत. तेव्हा हे आकडे काय सांगतात ते समजून घेणे फायद्याचे आहे.

मळसूत्राचा तुकडा

कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापा आणि तो पेन्सिलीभोवती गुंडाळा. त्रिकोणाची तिरकी बाजू पेन्सिलीवर जिन्यासारखी वर चढत जाते. हेच मळसूत्र. सुताराने लाकडात स्क्रू पिळला की एका फेऱ्यात तो एका आट्याएवढा आत जातो. होडीचा पंखा म्हणजे अशाच एका मोठ्या मळसूत्राचे कापून घेतलेले तुकडे होत. पाणी जर लाकडासारखे घट्ट असते, तर एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे गेला असता त्या अंतराला पिच म्हणतात. तुंब्यावरच्या दोन आकड्यांपैकी पहिला व्यास आणि दुसरा पिच. दोन्ही इंचांत. जगाने मीटर स्वीकारले तरी पंख्यांच्या दुकानात अजून इंचाचेच राज्य आहे!

म्हणजे १२ × १३ या पंख्याचा व्यास १२ इंच (सुमारे ३० सेंमी.) आणि पिच १३ इंच (३३ सेंमी.).

आता पात्याकडे पुन्हा पाहा. ते सपाट नसून पिळलेले असते. तुंब्याजवळ उभट, टोकाकडे आडवे. असे का? कागदी त्रिकोणच उत्तर देतो. त्रिकोणाची उंची म्हणजे पिच आणि पाया म्हणजे परीघ. पात्याचे टोक केंद्रापासून ६ इंचांवर आहे, तेथे परीघ सुमारे ३७.७ इंच. १३ ला ३७.७ ने भागले की ०.३४५ येतात आणि हा १९ अंशांचा टॅन्जंट आहे. केंद्रापासून ३ इंचांवर परीघ निम्मा, पण पिच तेवढाच. तेथे कोन सुमारे ३५ अंश भरतो. पात्याचा प्रत्येक भाग एका फेऱ्यात सारखाच पुढे जायचा असेल तर पाते पिळावेच लागेल. टेबलफॅनच्या पात्यातही हा पीळ दिसतो.

पंख्याच्या इतिहासात या मळसूत्राची एक मजेदार हकीकत आहे. १८३६ साली फ्रान्सिस पेटिट स्मिथ या इंग्रज शेतकऱ्याने मळसूत्री पंख्याचे पेटंट घेतले. त्याचा पंखा म्हणजे खरोखरच लाकडी मळसूत्र होते, पूर्ण दोन वेढ्यांचे. १८३७ मध्ये लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात चाचणी चालू असताना ते कशावर तरी आपटून निम्मे तुटले. होडी मंदावायला हवी होती. ती उलट अधिकच वेगाने पळू लागली! लांब मळसूत्राचा मागचा वेढा पुढच्या वेढ्याने घुसळून ठेवलेल्या पाण्यातच फिरत होता आणि वर घर्षण वाढवीत होता. तेव्हापासून मळसूत्र आखूड होत गेले आणि शेवटी त्याची पाती उरली.

पाणी लाकूड नव्हे

पाणी मागे सरकते, म्हणून होडी पिचएवढी पुढे जात नाही. हा जो तोटा होतो त्याला घसर म्हणू. एक हिशेब करून पाहा. एंजिन मिनिटाला ५४०० फेरे करते आहे. एंजिन आणि पंखा यांच्यामध्ये दंतचक्रे असतात, ती फेरे कमी करतात, समजा निम्मे. म्हणजे पंखा मिनिटाला २७०० फेरे करतो. पिच १५ इंच, म्हणजे ०.३८१ मीटर. दोहोंचा गुणाकार १०२८.७ मीटर, ताशी ६१.७ किमी. प्रत्यक्षात होडीचा वेग ताशी ५२ किमी. भरला, तर घसर सुमारे १६ टक्के झाली. हलक्या, वेगवान होडीला दहा ते वीस टक्के घसर सर्वसाधारण समजली जाते. जड, मंद होडीला ती बरीच अधिक असते.

मग घसर शून्य करता आली तर? होडी जागची हलणारच नाही! पंखा पाण्याला मागे ढकलतो म्हणून पाणी पंख्याला पुढे ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम. पाणी मुळीच मागे गेले नाही तर रेटा कुठून येणार? तेव्हा घसर हा दोष नसून रेट्याची किंमत आहे. प्रश्न एवढाच, की ती किंमत कमीत कमी कशी ठेवावी.

समजा, एका पंख्याने दर सेकंदाला १०० किलोग्रॅम पाणी घेऊन त्याचा वेग सेकंदाला २ मीटरने वाढवला. रेटा १०० × २ = २०० न्यूटन. दुसऱ्या, लहान पंख्याने ५० किलोग्रॅम पाणीच घेतले, पण त्याचा वेग ४ मीटरने वाढवला. रेटा तोच, २०० न्यूटन. आता पाण्याला दिलेली गतिज ऊर्जा काढा. ती आपल्या उपयोगाची नाही, नुसता मागे राहणारा खळखळाट. पहिल्यात सेकंदाला २०० जूल, दुसऱ्यात ४००! थोड्या पाण्याला जोराचा धक्का देण्यापेक्षा पुष्कळ पाण्याला हलका धक्का देणे स्वस्त पडते. जड बोटी ओढणाऱ्या टगबोटीला मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा, सावकाश फिरणारा पंखा असतो, तो यासाठीच.

मग आपल्या होडीलाही मोठा पंखा बसवू या की! पण आउटबोर्ड एंजिनात पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते, तिच्याखाली जेवढी जागा तेवढाच व्यास मावतो. आणि दुसरे असे, की संपूर्ण पंखाच त्या प्रमाणात मोठा केला, तर तितकेच फेरे करण्यासाठी लागणारी शक्ती व्यासाच्या पाचव्या घातात वाढते. १२ इंचांचा १३ इंच केला की जवळजवळ दीडपट शक्ती हवी. ती आणायची कुठून? म्हणून व्यास बहुधा एंजिन बनवणाऱ्यानेच ठरवलेला असतो. आपल्या हाती निवड उरते ती मुख्यतः पिचची.

एका गिअरची सायकल

मोटारगाडीला चार-पाच गिअर असतात. एस.टी. घाट चढू लागली की चालक गिअर बदलतो. तो बदललाच नाही तर एंजिन गुरगुरते, थरथरते आणि गाडी रडतखडत चढते. होडीला पुढे जाण्याचा गिअर एकच आणि तो म्हणजे पंख्याचा पिच. जास्त पिच म्हणजे वरचा गिअर, कमी पिच म्हणजे खालचा.

पिच फार जास्त झाला तर काय होईल? पूर्ण थ्रॉटल दिला, सिलिंडरमध्ये दर खेपेला भरपूर इंधन आले, पण पंखा इतका जड की एंजिनाचे फेरे वाढतच नाहीत. दट्ट्या सावकाश सरकतो, त्यामुळे तापलेल्या वायूंचा मोठा दाब त्याच्यावर अधिक काळ राहतो. दट्ट्या आणि बेअरिंगे झिजतात, काजळी साचते, एंजिन तापते. होडीची नाळ वर उचललेली राहते आणि ती पाण्यावर सरकण्याऐवजी पाणी फोडीत रेटली जाते. चालकाला मात्र वाटते, एंजिन शांत चालले आहे, छान! खरी हानी या शांततेत होते.

पिच फार कमी झाला तर उलटे. होडी झटकन उचलली जाते, पण एंजिन मर्यादेपलीकडे पळू लागते. दट्ट्याच्या पुढेमागे होण्याने पडणारा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आजच्या बहुतेक एंजिनांत फेरे हद्दीबाहेर गेले की ती आपोआप रोखली जातात, पण रोजच तेथवर नेणे काही बरे नव्हे.

यावरून निवडीचा खरा नियम हाती येतो आणि तो साधा आहे. एंजिनाच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलला किती फेरे व्हावेत याची मर्यादा दिलेली असते. उदाहरणार्थ, ५००० ते ६०००. नेहमीचे ओझे घालून, शांत पाण्यात, पूर्ण थ्रॉटल देऊन फेरेमापक पाहायचा. काटा या दोन आकड्यांच्या मध्ये आला तर पंखा बरोबर. खाली राहिला तर पिच कमी करा, वर गेला तर वाढवा. पिच एक इंचाने कमी केला की फेरे साधारण दीडशे-दोनशेने वाढतात.

सोपे वाटले ना? आता खरी अडचण पाहा. साठ अश्वशक्तीच्या एका होडीला १२ × १५ चा पंखा आहे. दोघेच बसले की ५४०० फेरे मिळतात, उत्तम. पण सहा माणसे आणि त्यांचे सामान चढले की काटा ४७०० वरच अडतो. तीनशे फेरे कमी. आता सहा जणांसाठी मर्यादेच्या मधोमध, म्हणजे ५५०० फेरे हवेत असे ठरवले, तर आठशे फेरे वाढवायला हवेत. इंचाला दोनशे धरले तर पिच ४ इंचांनी कमी, म्हणजे ११. हा पंखा लावून पुन्हा दोघेच बसले तर? ५४०० अधिक ८००, म्हणजे ६२००. मर्यादा ओलांडली! मग १३ चा घेऊन पाहा. सहा जणांत ५१००, दोघांत ५८००. दोन्ही वेळा काटा मर्यादेत. दोघेच असताना सर्वोच्च वेग ताशी तीन-चार किलोमीटरने कमी होईल, पण भरलेली होडी पटकन पाण्यावर उचलली जाईल आणि एंजिन टिकेल. माझ्या मते हा सौदा स्वस्त आहे. सर्वोच्च वेग ही पाहुण्यांना सांगायची गोष्ट. दिवसभर होडी त्या वेगाने कोण हाकतो?

मात्र पंख्याला दोष देण्यापूर्वी होडीचा तळ पाहावा. शेवाळ आणि कालवे चिकटलेल्या तळाने फेरे शेकड्यांनी उतरतात. वाकलेले पातेही हेच करते. आणि होडी कोठे चालवणार हेही महत्त्वाचे. श्रीनगरचे दल सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे १५८० मीटर उंचीवर आहे. तेथे हवा जवळजवळ सातव्या हिश्श्याने विरळ. एंजिनाला प्राणवायू कमी, म्हणून शक्तीही कमी. गोव्यात चोख चालणारा पंखा तेथे जड पडेल आणि पिच उतरवावा लागेल.

थंड पाणी उकळते!

पात्याची एक बाजू पाण्याला मागे ढकलते, तेव्हा दुसऱ्या बाजूवर दाब घटतो. हिमालयात कमी दाबामुळे पाणी १०० अंशांच्या आतच उकळते हे तुम्ही शिकला आहात. दाब वातावरणाच्या सुमारे चोविसाव्या भागापर्यंत उतरला, तर तीस अंशांचे पाणीही उकळू लागते. वेगाने फिरणाऱ्या पात्यावर नेमके हेच घडते. वाफेचे बुडबुडे तयार होतात, पुढे दाब वाढला की फटकन मिटतात आणि मिटताना धातूवर हातोडीसारखे घाव घालतात. जुन्या पंख्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसतात ते याचेच. या क्रियेला कॅव्हिटेशन म्हणतात.

चार्ल्स पार्सन्सला १८९४ मध्ये याचा चांगलाच फटका बसला. त्याच्या टर्बिनिया बोटीत नवी वाफेची टर्बाइन होती, शक्ती उदंड होती, पण वेग २० नॉटही गाठेना. एकच पंखा फार वेगाने फिरून पाण्यात नुसती पोकळी करीत होता. पार्सन्सने पाण्याच्या लहान टाकीत पंखे फिरवून ती पोकळी डोळ्यांनी पाहिली. मग त्याने तीन दांडे आणि प्रत्येकावर तीन, असे नऊ पंखे बसवले. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला साठ वर्षे झाल्याबद्दल आरमाराचे संचलन झाले, तेव्हा टर्बिनिया युद्धनौकांच्या रांगांमधून ३४ नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे ६३ किमी. वेगाने धावली.

लहान होडीत वळणावर एंजिन एकाएकी किंचाळते, त्यालाही पुष्कळ लोक कॅव्हिटेशन म्हणतात. ते बहुधा चूक. तेथे पंखा पृष्ठभागावरून हवा आत ओढून घेतो आणि पाण्याऐवजी फेसात फिरतो. एंजिन फार उंच बसवले असले तर असे होते. मघाशी सांगितलेली आडवी पट्टी ही हवा अडवण्यासाठीच असते.

पाती आणि धातू

पाती जितकी कमी तितकी कार्यक्षमता थोडी अधिक, पण हादरे जास्त. तीन पाती ही सोयीची तडजोड. चार पात्यांचा पंखा पाणी घट्ट धरतो, भरलेली होडी लवकर उचलतो, वळणावर सुटत नाही. त्याबदल्यात वेग किंचित कमी. धातूंत अ‍ॅल्युमिनिअम स्वस्त आणि दुरुस्तीला सोपे. स्टेनलेस स्टील महाग, पण मजबूत. त्यामुळे पाती पातळ करता येतात आणि ती जोराने वाकत नाहीत. खडकाळ उथळ पाण्यात मात्र मी अ‍ॅल्युमिनिअमच निवडीन. खडकावर आपटल्यावर पाते वाकले तर पंखा बदलता येतो. पाते वाकलेच नाही तर धक्का दंतचक्रांपर्यंत जातो. हा धक्का शोषण्यासाठी तुंब्यात रबरी बुश असतो आणि अगदी लहान एंजिनात एक नरम पिन असते, ती आधी तुटते. तुटणे हेच तिचे काम! हुशारी म्हणून तिच्या जागी पोलादी खिळा ठोकणारे लोक असतात. त्यांचे काय होते ते वेगळे सांगायला नको.

आणखी एक हिशेब. एंजिन नुसते मंद, मिनिटाला ७०० फेऱ्यांवर आहे आणि गिअर टाकलेला आहे. पंखा सेकंदाला सुमारे सहा फेरे करतो; तीन पाती धरली तर एकाच जागेवरून सेकंदाला सतरा-अठरा पाती जातात. पूर्ण वेगात हा आकडा शंभराच्या पुढे जातो. म्हणून पोहणारा माणूस होडीजवळ आला की गिअर काढून भागत नाही, एंजिन बंदच करावे लागते. चालकाच्या मनगटाला बांधलेली दोरी एंजिनच्या बटणाला जोडलेली असते. तो पाण्यात पडला तर ती ओढली जाऊन एंजिन थांबते. सहलीला गेलात तर चालकाने ती बांधली आहे का ते पाहा, नसल्यास बांधायला सांगा.

आता तुमच्यासाठी एक गणित. पंखा १२ × १४, एंजिनाचे फेरे ५६००, दंतचक्रांनी ते निम्मे होतात, मोबाइलवर दिसलेला वेग ताशी ५० किमी. घसर किती? उत्तर सुमारे १६ टक्के यायला हवे. एखाद्याने खाडीत प्रत्यक्ष मोजून पाहिले आणि घसर तीन टक्के किंवा चक्क शून्याखाली आली, तर त्याने ओहोटीच्या वाहत्या पाण्याबरोबर होडी हाकली असणार. मोबाइल जमिनीच्या संदर्भात वेग दाखवतो, पाण्याच्या नव्हे. तेच अंतर लगेच उलट दिशेने कापावे आणि दोन्ही वेगांची सरासरी घ्यावी.